मस्क्युलर डिस्ट्रॉफी: स्टेम सेल आणि जनुकीय उपचारांचा निर्णय कसा घ्यावा

मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे निदान झाले की त्या कुटुंबाच्या कानावर स्टेम सेल आणि जीन थेरपी हे दोन शब्द फार लवकर पडतात, आणि बहुतेक वेळा ते एका दमात उच्चारले जातात. प्रत्यक्षात दोन्हींची आजची अवस्था अगदी वेगळी आहे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी एका जनुकीय उपचाराला मान्यता मिळालेली असून त्याचे फायदे आणि धोके आकड्यांत सांगता येतात. स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, वापरून स्नायू नव्याने उभारणारा उपचार मात्र अजून चाचण्यांच्या टप्प्यातच आहे, तरीही पैसे घेऊन तो देणाऱ्या केंद्रांची कमतरता नाही. पुढील मार्गदर्शन रुग्णाच्या पालकांसाठी आणि प्रौढ रुग्णांसाठी आहे. कोणताही उपचार चांगला की वाईट, या चर्चेत शिरण्याआधी तो आपल्या विशिष्ट जनुकीय दोषाला लागू पडतो का, आणि तो घेतल्यास पुढचे कोणते मार्ग बंद होतात, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

सुरुवात जनुकीय अहवालापासून

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका आजाराचे नाव नसून अनेक आजारांच्या गटाचे नाव आहे. ड्युशेन आणि बेकर या प्रकारांत डिस्ट्रोफिन हे प्रथिन अनुक्रमे जवळजवळ नसते किंवा अपुरे असते. लिंब-गर्डल प्रकारांत वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळी जनुके बिघडलेली असतात. फेशिओ-स्कॅप्युलो-ह्युमरल प्रकारात तर काही कमी पडत नाही, उलट स्नायूंत गप्प असायला हवे असे डक्स-४ नावाचे जनुक जागे होते. आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत जनुकातील एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाढत जाऊन त्यापासून बनणारा आरएनए, म्हणजे जनुकाच्या संदेशाची प्रत, पेशीला अपायकारक ठरतो. पहिल्या गटात हरवलेले प्रथिन परत देणे हा उपचाराचा मार्ग होऊ शकतो. शेवटच्या दोन आजारांत मात्र नको असलेली गोष्ट गप्प करावी लागते. म्हणूनच ‘सर्व प्रकारच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर एकच उपचार’ असा दावा ज्या माहितीपत्रकात दिसेल, ते तिथेच बाजूला ठेवायला हरकत नाही.

रक्तातील क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर त्यांतून रक्तात गळणारे सीके हे द्रव्य, खूप वाढलेले असणे हा आजाराचा इशारा असतो, पण त्यावरून जनुकीय दोष कळत नाही. ड्युशेनचा संशय असल्यास साधारणपणे आधी एमएलपीए ही तपासणी करतात. डिस्ट्रोफिनच्या जनुकात ७९ एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची कृती ज्यांत लिहिलेली असते असे तुकडे असतात. त्यांपैकी कोणता गळाला आहे किंवा दुप्पट झाला आहे हे एमएलपीएमध्ये दिसते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत एक किंवा अधिक एक्सॉन गळालेले असतात. एमएलपीएत काही सापडले नाही तर तपासणी संपली असे समजू नये. जनुकाच्या एकाच अक्षराचा, म्हणजे डीएनएच्या एका घटकाचा, बदल तिच्या नजरेतून सुटू शकतो, आणि त्यासाठी संपूर्ण जनुकाचे सीक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरन् अक्षर वाचन, करावे लागते.

हा अहवाल कसा वाचावा, याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा अहवालात ४८ ते ५० हे एक्सॉन गळालेले आहेत असे लिहिले आहे. या तीन एक्सॉनमध्ये अनुक्रमे १८६, १०२ आणि १०९ अक्षरे असतात, बेरीज ३९७. पेशी जनुकाचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, आणि ३९७ ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे गळतीनंतरचा सगळा मजकूर एका अक्षराने सरकतो, वाचन निरर्थक होते, थोड्याच अंतरावर थांबते, आणि डिस्ट्रोफिन तयारच होत नाही. परिणाम: ड्युशेन. आता फक्त ४८ आणि ४९ गळाले असते तर? १८६ अधिक १०२ म्हणजे २८८, त्याला तीनने पूर्ण भाग जातो. प्रथिन आखूड पण वाचण्याजोगे बनते आणि आजार बहुधा बेकर प्रकारचा, म्हणजे सौम्य असतो. याहून चकित करणारी बाब पुढे आहे. मूळच्या ४८ ते ५० च्या गळतीत एक्सॉन ५१ ची २३३ अक्षरेही मुद्दाम वगळली तर एकूण ६३० होतात, आणि गणित पुन्हा जुळते. म्हणजे गळती मोठी केल्यावर आजार हलका होण्याची शक्यता निर्माण होते. एक्सॉन स्किपिंग या उपचारपद्धतीचा संपूर्ण पाया हाच आहे. अहवालातील एक्सॉनचे क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत आणि पाठ असावेत, कारण पुढे प्रत्येक संवादात पहिला प्रश्न त्यांचाच असतो. या नियमालाही अपवाद आहेत, म्हणून अंतिम अर्थ जनुकीय समुपदेशकाकडूनच समजून घ्यावा.

अपेक्षा कशाची धरावी

डिस्ट्रोफिन स्नायूपेशीच्या आवरणाला आतून आधार देते. ते नसेल तर प्रत्येक आकुंचनात आवरणाला इजा होते, पेशी मरतात, आणि स्नायूतील सॅटेलाइट पेशी त्यांची जागा भरून काढत राहतात. १९६१ साली प्रथम वर्णन झालेल्या या सॅटेलाइट पेशी म्हणजे स्नायूच्या स्वतःच्याच स्टेम सेल होत. पण त्यांच्यापासून बनलेल्या नव्या तंतूंतही तोच जनुकीय दोष असतो, त्यामुळे तेही तुटतात, आणि काही वर्षांनी स्नायूची जागा चरबी व तंतुमय ऊतक घेऊ लागते. एकदा स्नायूचे चरबीत रूपांतर झाले की तिथे जनुक पोहोचवून काहीच साधत नाही, कारण ते जनुक वाचायला स्नायूपेशीच उरलेली नसते.

यावरून एक स्पष्ट निष्कर्ष निघतो, आणि तो पचवायला जड आहे: आजचे जनुकीय उपचार उरलेला स्नायू टिकवण्याचा प्रयत्न करतात, गेलेला स्नायू परत आणत नाहीत. ‘दुरुस्ती’ हा शब्द दोन्ही गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो, म्हणून बोलणाऱ्याला त्यातील नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे विचारून घ्यावे.

मायक्रो-डिस्ट्रोफिन: काय मिळते, काय गमवावे लागते

डिस्ट्रोफिनचे जनुक मानवी शरीरातील सर्वांत मोठे ज्ञात जनुक आहे. त्यातील प्रथिनाची कृती सांगणारा भाग जरी वेगळा काढला तरी तो सुमारे ११,००० अक्षरांचा होतो. स्नायूपर्यंत जनुक पोहोचवण्यासाठी एएव्ही हा निरुपद्रवी केलेला विषाणू वाहन म्हणून वापरतात, आणि त्यात जेमतेम ४,७०० अक्षरे मावतात. या अडचणीतून वाट दाखवली ती १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या वर्णनाने: त्याच्या जनुकाचा ४६ टक्के भाग गळालेला होता, तरी वयाच्या ६१ व्या वर्षी तो चालत होता. प्रथिनाचा मधला बराच भाग नसला तरी काही अंशी चालते, हे त्यातून दिसले. आणि दोन्ही टोकांचे आवश्यक भाग राखून मधला भाग छाटलेले मायक्रो-डिस्ट्रोफिन पुढे तयार झाले. नाव मोहक असले तरी तो पूर्ण डिस्ट्रोफिनचा पर्याय नाही. यशस्वी झालेला उपचार ड्युशेनला फार तर बेकरच्या दिशेने नेईल, अशीच मुळात कल्पना होती.

या प्रकारातील एलिव्हिडिस या औषधाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जून २०२३ मध्ये चार व पाच वर्षांच्या चालू शकणाऱ्या मुलांसाठी त्वरित मान्यता दिली, आणि जून २०२४ मध्ये ती चालू न शकणाऱ्यांपर्यंत वाढवली. दरम्यान एम्बार्क या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा निकाल आला होता. चार ते सात वर्षांच्या १२५ मुलांवरील या चाचणीत मुख्य निकष होता नॉर्थ स्टार ही ३४ गुणांची हालचालींची चाचणी. ५२ आठवड्यांनंतर औषध मिळालेल्या मुलांचे गुण सरासरी २.६ ने वाढले आणि औषध न मिळालेल्यांचे १.९ ने, हा ०.६५ गुणांचा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने सिद्ध मानता आला नाही. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ आणि दहा मीटर चालण्याचा वेळ या दुय्यम निकषांवर मात्र औषध मिळालेली मुले पुढे होती. एकाच चाचणीचे हे दोन निष्कर्ष वेगवेगळे लोक आपापल्या सोयीने सांगतात. आपण दोन्ही सोबत धरून ठेवावेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने याच पुराव्यावर मान्यता देण्यास प्रतिकूल मत दिले, हेही त्याच तराजूत ठेवण्यासारखे आहे.

धोक्याची बाजू याहून गंभीर आहे. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन तरुण रुग्णांचा हे औषध दिल्यानंतर यकृत तीव्रपणे निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एफडीएने औषधाच्या माहितीपत्रावर सर्वोच्च पातळीचा इशारा घातला आणि वापर चार वर्षे व त्यावरील वयाच्या चालू शकणाऱ्या रुग्णांपुरता मर्यादित केला. फायझर कंपनीच्या वेगळ्या मायक्रो-डिस्ट्रोफिनच्या चाचण्यांतही २०२१ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी एक मृत्यू झाला, आणि २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपेक्षित परिणाम न दिसल्याने तो प्रकल्प थांबला. औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते, आणि एका किलोमागे एकावर चौदा शून्ये इतके विषाणुकण द्यावे लागतात. त्यामुळे वजन जितके जास्त तितका यकृतावर आणि प्रतिकारशक्तीवर येणारा एकूण भार मोठा. मोठ्या वयाच्या, चालणे थांबलेल्या मुलाच्या पालकांना हे समजणे फार कठीण जाते, कारण गरज त्यांनाच सर्वांत जास्त वाटत असते.

कोणाला हा उपचार देता येत नाही, हे अहवाल पाहून आधीच समजू शकते. एक्सॉन ८ किंवा ९ यांचा कोणताही भाग गळालेला असल्यास एलिव्हिडिस वर्ज्य आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्यांत जनुकाच्या सुरुवातीच्या भागात गळती असलेल्या पाच मुलांना स्नायूंचा तीव्र दाह झाल्याचे एकत्रितपणे लक्षात आले. ज्यांच्या शरीराने प्रथिनाचा तो भाग कधीच पाहिलेला नसतो, त्यांची प्रतिकारशक्ती नव्या प्रथिनालाच परके ठरवते. दुसरी अट प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची, आहे. ज्या विषाणूचे वाहन वापरायचे त्याच्याशी नैसर्गिकरीत्या आधीच संबंध आलेला असेल तर रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि ती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास औषध देत नाहीत.

येथेच सुरुवातीला उल्लेखिलेला दुसरा प्रश्न उभा राहतो. एएव्हीची मात्रा एकदा घेतली की शरीरात त्याविरुद्ध प्रचंड प्रमाणात प्रतिपिंडे तयार होतात, आणि तोच उपचार पुन्हा घेणे आजच्या पद्धतींनी शक्य होत नाही. एवढेच नव्हे, तर जवळच्या प्रकारचे एएव्ही वापरणाऱ्या भविष्यातील उपचारांचे दरवाजेही बंद होऊ शकतात, आणि बहुतेक नव्या जनुकीय चाचण्या आधी जनुकीय उपचार घेतलेल्यांना प्रवेश देत नाहीत. स्नायूपेशींत गेलेले जनुक किती वर्षे काम करील हेही पुरेशा काळाच्या निरीक्षणाशिवाय सांगता येणार नाही. म्हणून ‘आत्ता घ्यावे की थांबावे’ हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा, आणि उत्तरात मुलाचे आजचे वय, चालण्याची स्थिती व वजन यांचा उल्लेख आला नाही तर पुन्हा विचारावा.

एक्सॉन स्किपिंग आणि जनुक-संपादन

वर दाखवलेल्या गणितावर चालणारी चार औषधे अमेरिकेत मान्य झाली: एक्सॉन ५१ साठी २०१६ मध्ये एटेप्लिरसेन, ५३ साठी २०१९ मध्ये गोलोडिरसेन आणि २०२० मध्ये विल्टोलार्सेन, आणि ४५ साठी २०२१ मध्ये कॅसिमर्सेन. ती जनुक बदलत नाहीत, संदेश वाचताना एक तुकडा झाकतात, म्हणून दर आठवड्याला शिरेतून द्यावी लागतात. सर्वांत जास्त लागू पडणाऱ्या एक्सॉन ५१ साठीही केवळ १३ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पात्र ठरतात. पहिल्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रातील आकडे लक्षात ठेवावेत: ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर स्नायूतील डिस्ट्रोफिन निरोगी पातळीच्या सरासरी ०.१६ टक्क्यांवरून ०.४४ टक्क्यांवर गेले. ‘जवळजवळ तिप्पट वाढ’ असेही याचे वर्णन करता येते, आणि ते खोटे ठरणार नाही. म्हणून टक्केवारी ऐकली की ती कशाची, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

क्रिस्पर या जनुक नेमक्या जागी कापून बदलणाऱ्या तंत्राने जनुकाची कायमची दुरुस्ती करण्याच्या प्रयोगांनी प्राण्यांत आशादायक परिणाम दाखवले आहेत. माणसांत मात्र ही वाट अजून सुरुवातीलाच आहे. २०२२ मध्ये एका २७ वर्षांच्या रुग्णाला खास त्याच्यासाठी बनवलेला क्रिस्परवर आधारित उपचार दिला गेला आणि आठ दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. कारण म्हणून बोट दाखवले गेले ते मोठ्या मात्रेतील एएव्हीमुळे उद्भवलेल्या प्रतिक्रियेकडे. वाहनाचा प्रश्न इथेही तोच आहे, हे त्यातून दिसते.

स्टेम सेल: चार दशकांचा प्रयत्न कुठे अडला

कल्पना सरळ आहे. निरोगी पेशी बाहेरून द्याव्यात, त्या स्नायूत मिसळतील आणि डिस्ट्रोफिन बनवू लागतील. १९८९ मध्ये उंदरांत हे जमले, आणि लगेच माणसांतील चाचण्या सुरू झाल्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत १२ मुलांच्या एका दंडात दात्याच्या मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू बनवणाऱ्या कोवळ्या, पेशी सहा महिने दर महिन्याला टोचल्या आणि दुसऱ्या दंडात नुसते द्रावण. दोन्ही दंडांच्या ताकदीत फरक पडला नाही. बहुतांश पेशी पहिल्या काही दिवसांतच मरतात, जगलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर जात नाहीत, आणि दात्याच्या पेशींना शरीर नाकारते, ही तिन्ही कारणे पुढे स्पष्ट झाली. स्नायू हे शरीराच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के असतात, आणि त्यांत हृदय व श्वासपटलही येतात, जिथे सुई नेता येत नाही; शेताच्या एका कोपऱ्यात ओतलेली घागर सगळ्या पिकाला पुरत नाही, तसा हा प्रकार आहे.

रक्तातून पोहोचू शकतील अशा पेशी शोधण्याचा पुढचा प्रयत्न मेसोअँजिओब्लास्ट या रक्तवाहिन्यांलगतच्या पेशींचा होता. कुत्र्यांमध्ये उत्साहवर्धक परिणाम दिसल्यावर इटलीत पाच मुलांना जुळणाऱ्या भावंडांच्या पेशी धमनीतून दिल्या गेल्या. २०१५ मधील अहवालानुसार उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, पण मुलांच्या हालचालींत सुधारणा झाली नाही. तुलनेने यश दिसले ते आजार थोड्याच स्नायूंपुरता मर्यादित असलेल्या ठिकाणी: ऑक्युलोफॅरिंजियल प्रकारात गिळण्याचे स्नायू दुबळे होतात, आणि रुग्णाच्याच मांडी किंवा मानेच्या न बिघडलेल्या स्नायूंतील पेशी घशाच्या स्नायूत टोचलेल्या १२ रुग्णांच्या छोट्या चाचणीत काहींचे गिळणे सुधारल्याची नोंद २०१४ मध्ये झाली. त्या आजारात घशाबाहेरचे बरेच स्नायू शाबूत असतात, म्हणून स्वतःच्या पेशी वापरता आल्या. ड्युशेनमध्ये रुग्णाच्या स्वतःच्या प्रत्येक पेशीत तोच दोष असतो. तेव्हा ‘तुमच्याच शरीरातील, म्हणून सुरक्षित’ असे सांगून पोटाच्या चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी परत देणाऱ्याला, त्या पेशी डिस्ट्रोफिन कुठून आणणार, हा साधा प्रश्न विचारावा.

डेरॅमिओसेल या उपचाराचे स्वरूप वेगळे आहे. दात्याच्या हृदयापासून वाढवलेल्या या पेशी स्नायू बनत नाहीत. त्या सोडत असलेल्या संदेशांमुळे दाह आणि तंतुमय वाढ कमी व्हावी अशी अपेक्षा असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत हातांच्या कार्याची घसरण मंदावल्याचे दिसले. जुलै २०२५ मध्ये एफडीएने मान्यता न देता अधिक पुरावा मागितला. याची मान्यतेची स्थिती निर्णयाच्या दिवशी पुन्हा तपासावी. रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून आयपीएस, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारात वाढू शकणाऱ्या, पेशी बनवायच्या, त्यांतील जनुक दुरुस्त करायचे आणि मग स्नायूपेशी वाढवायच्या, हा मार्ग वैज्ञानिकदृष्ट्या मला सर्वांत सुसंगत वाटतो. परंतु पेशी सगळ्या स्नायूंपर्यंत नेण्याचा जुना प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

दावा कसा तपासावा

स्टेम सेल विकणारी केंद्रे पुरावा म्हणून बहुधा चित्रफिती दाखवतात: पाच वर्षांचा मुलगा आधी जिना चढताना कठड्याला लटकतो, आणि चार महिन्यांनी भराभर चढतो. चित्रफीत खरी असू शकते. परंतु ड्युशेन असलेली मुलेदेखील साधारण सहा-सात वर्षांपर्यंत नवी कौशल्ये मिळवत असतात, कारण या वयात वाढीचा वेग आजाराच्या वेगावर मात करत असतो. एम्बार्क चाचणीत औषध न मिळालेल्या मुलांचे गुणही १.९ ने वाढले, ते याच कारणाने. त्याच सुमारास स्टिरॉइड किंवा नियमित व्यायाम सुरू झाला असेल तर सुधारणेचे श्रेय कोणाला द्यायचे हे सांगणेच अशक्य होते. म्हणून तुलनेसाठी उपचार न मिळालेला गट होता का, हा प्रश्न इथे वैज्ञानिक शिष्टाचाराचा नसून निर्णायक असतो.

दुसरा वारंवार दाखवला जाणारा पुरावा म्हणजे सीकेचा घसरलेला आकडा. आजार वाढत जातो तसा स्नायू कमी होतो, हालचालही कमी होते, आणि गळायला स्नायूच कमी उरल्याने सीके आपोआप खाली येते. उपचाराशिवायही ते वर्षागणिक घटते. या आकड्यावर आनंद मानू नये.

एकच पेशी-उपचार ऑटिझम, मणक्याची इजा, मधुमेह आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी या सर्वांवर दिला जात असेल, पेशी कोणत्या आणि किती हे लेखी मिळत नसेल, मुलाचा जनुकीय अहवाल न पाहताच तारीख दिली जात असेल, किंवा प्रायोगिक उपचारासाठी मोठी रक्कम मागितली जात असेल, तर तिथून निघावे. ‘आमची चाचणी सरकारी नोंदणीत आहे’ हे वाक्य विशेष सावधपणे ऐकावे. अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह यांसारख्या नोंदवहीत माहिती चाचणी करणारा स्वतः भरतो. नोंद असणे म्हणजे त्या उपचाराला मान्यता असणे नव्हे. नोंद उघडून टप्पा कोणता, तुलनागट आहे का, मुख्य निकष कोणता आणि चाचणी पुरी होऊन बराच काळ लोटला तरी निकाल प्रसिद्ध न झाल्याचे दिसते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. अशा इंजेक्शनचा आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही: त्यानंतर पुढील खऱ्या चाचणीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

उपचार ठरल्यास तयारी

मान्यताप्राप्त जनुकीय उपचार घ्यायचे ठरले, तर तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते. प्रतिपिंडांची तपासणी, यकृताच्या तपासण्या, प्लेटलेट, हृदयासाठी ट्रोपोनिन आणि इकोकार्डिओग्राम किंवा एमआरआय यांच्या मूळ नोंदी हव्यातच. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत मोजली जाणारी एएलटी आणि एएसटी ही द्रव्ये ड्युशेनमध्ये स्नायूंतूनही रक्तात येतात, त्यामुळे ती आधीपासूनच वाढलेली असतात. यकृताच्या खऱ्या बिघाडासाठी जीजीटी आणि बिलिरुबिन पाहावे लागते, हे स्थानिक प्रयोगशाळेतील डॉक्टरांना माहीत नसण्याची शक्यता धरून अहवालासोबत तशी टीप द्यावी. राहिलेल्या लसी वेळापत्रकानुसार आधीच पूर्ण कराव्यात, कारण नंतर स्टिरॉइडची वाढीव मात्रा चालू असताना जिवंत लसी देता येत नाहीत. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलणे हिताचे असते.

नेहमीचे स्टिरॉइड, श्वसनाची व हृदयाची काळजी आणि सांधे आखडू नयेत म्हणून करायचे व्यायाम यांपैकी काहीही नव्या उपचाराच्या भरवशावर थांबवू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक बंद केल्यास जिवाला धोका होऊ शकतो; ही सूचना शाळेत व प्रवासात सोबत असणाऱ्यांनाही द्यावी.

औषध शिरेतून एकदाच दिले जाते, पण काम त्या दिवशी संपत नाही. नेहमीच्या मात्रेव्यतिरिक्त जादा स्टिरॉइड आदल्या दिवसापासून सुरू होऊन किमान ६० दिवस चालते. पहिले तीन महिने दर आठवड्याला यकृताच्या तपासण्या, आणि पहिला महिना दर आठवड्याला ट्रोपोनिन, एवढे गृहीत धरून पालकांपैकी एकाने रजेचे आणि रुग्णालयाजवळ राहण्याचे नियोजन करावे. पहिल्या आठवड्यांत मळमळ व उलट्या नेहमी होतात, आणि धोका नेमका तिथेच असतो: गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर स्टिरॉइड पोटात राहिलेच नाही असे समजून लगेच केंद्राला कळवावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, कारण ते शिरेतून देण्याची गरज पडू शकते. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणे, गडद लघवी, असंबद्ध बोलणे, सहज निळे-काळे डाग पडणे, छातीत दुखणे, धाप लागणे, गिळताना किंवा बोलताना अचानक अशक्तपणा जाणवणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी फोन करावा. तो क्रमांक घरी निघण्यापूर्वी मागून घ्यावा आणि एकदा लावून पाहावा.

काही आठवडे विषाणूचे अंश विष्ठेत उतरत असतात, म्हणून घरातील सर्वांनी हात नीट धुवावेत आणि वापरलेले डायपर बंद पिशवीत टाकावेत. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, दिल्याची तारीख आणि त्याआधीची प्रतिपिंडांची पातळी एका कागदावर लिहून त्याची प्रत प्रत्येक नव्या डॉक्टरांना द्यावी. नॉर्थ स्टारचे गुण दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच फिजिओथेरपिस्टकडून, नोंदवून घ्यावेत. वेगवेगळ्या हातांनी घेतलेल्या गुणांत एक-दोनचा फरक सहज पडतो, आणि वर आपण पाहिलेच की या आजारात चर्चा अनेकदा त्याहून लहान फरकाचीच असते.